डब्यातली हळद आणि बाटलीतलं कर्क्युमिन

गुडघ्यांसाठी मावशीला डॉक्टरांकडे नेलं होतं. ‘सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं त्यांनी विचारलं. तिने बीपीची सांगितली, रक्त पातळ करायची सांगितली आणि पिशवीतली तिसरी बाटली पिशवीतच ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘अगं, ती काय औषध आहे? हळदच ती!’

बाटलीवर हळकुंडाचं चित्र होतं खरं, पण आत होतं कर्क्युमिन. हळद खाणं आणि कर्क्युमिन घेणं यांत बराच फरक आहे.

कर्क्युमिन म्हणजे हळदीचा पिवळा रंग. पदरावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो, तो याच्यामुळेच. हळदीत ते असतं फार तर २ ते ५ टक्के. बाकी स्टार्च, तंतू आणि वास देणारं तेल. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळद धरली, तर कर्क्युमिन मिळतं ९० मिलिग्रॅमच्या आसपास. घरभराच्या आमटीत एवढी हळद पुरून उरते. बाजारातली एक गोळी मात्र बहुधा ५०० मिलिग्रॅमची. तेवढं हळदीतून मिळवायचं तर पाचेक चमचे एका माणसाने खायला हवेत. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची जी रोजची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवली आहे, ती वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १८० झाले.

शिवाय नुसतं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. आतडी आणि यकृत त्याची लगेच वासलात लावतात. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात उतरण्याचं प्रमाण २० पटींनी वाढलं. तेव्हापासून गोळ्यांत पायपरिन घालायची चाल पडली. गंमत अशी की पायपरिन इतर औषधांचाही निचरा मंदावू शकतं. ही बाजू जाहिरातीत येत नाही.

मग फायदा कशाचा? गुडघ्याच्या संधिवातात कर्क्युमिनने दुखणं थोडं कमी होतं असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. त्या चाचण्या अर्काच्या होत्या, हळदीच्या दुधाच्या नव्हेत. कॅन्सर, मधुमेह, स्मृतिभ्रंश वगैरेंबद्दल जे फिरतं, ते बरंचसं प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीतलं. तिथेही हा रंग लबाड आहे: स्वतः चमकतो, पटकन विघटित होतो आणि नसलेला परिणाम दाखवून चाचणीलाच चकवतो. ‘पी हळद नि हो गोरी’ असं आपल्याकडे उतावळ्याला म्हणतात. या गोळ्यांच्या जाहिराती मला त्याच जातीच्या वाटतात.

उलट हळदीचं श्रेय गोळीला देणंही चूक. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवलं. तो वाद आपल्या डब्यातल्या पुडीचा होता. वापर जुना आहे एवढंच त्यातून ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या हळद पचवली, म्हणून तिचा घट्ट अर्कही पचेल, हे काही त्यातून निघत नाही.

अर्क काहींना बाधतो, हे आता नोंदलं गेलंय. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२२ साली मांडले गेले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, त्यांतला एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक ठरावीक जनुकप्रकार सापडला, म्हणजे कुणाला बाधेल हे बाहेरून ओळखता येत नाही.

स्वयंपाकातल्या हळदीबद्दल घाबरायचं कारण नाही. गोळीचं तसं नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, दिवस गेले असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. आणि गोळ्या चालू असताना लघवी गडद, डोळे पिवळे दिसले, तर तो हळदीचा रंग नव्हे, कावीळ आहे. गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि यकृताच्या तपासणीला जाताना बाटली सोबत न्यायची.