बर्फ पडत नाही, तरी क्रोटन का करपतो?

डिसेंबर संपत आला, उत्तरेचे कोरडे वारे सुटले की परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या तापमानाचा आकडा पेपरात झळकू लागतो. एखाद्या वर्षी तो 6 अंशांच्याही खाली उतरतो. मराठवाड्यात पाणी गोठायची वेळ सहसा येत नाही. तरीही त्याच आठवड्यात गच्चीवरचा क्रोटन पानं गाळतो, जास्वंदाच्या कळ्या न उमलताच गळतात, इक्झोरा काळवंडतो.

ही झुडपं उष्ण, दमट मुलखातली. 10-12 अंशांखालीच त्यांच्या पेशींना इजा व्हायला लागते. पेशीभोवतीचं पातळ आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. थंडीत वाटीतलं तूप थिजतं, शेजारचं करडईचं तेल पातळच राहतं. फरक त्यांच्यातल्या स्निग्धाम्लांचा. थंड प्रदेशातल्या झाडांची आवरणं तेलाच्या जातीची, क्रोटनसारख्यांची तुपाकडे झुकणारी. आवरण थिजलं की त्यातून क्षार झिरपू लागतात आणि पेशीचा कारभार मंदावतो.

त्यात सकाळी लख्ख ऊन पडतं. पान प्रकाश तर घेतं, पण गारठलेल्या पेशींना तो वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि हरितद्रव्य जळतं. करपलेलं पान हातात घेऊन बघा: उन्हात असलेला भाग फिकट किंवा तपकिरी, आणि वरच्या पानाची सावली पडत होती तेवढा भाग पुष्कळदा हिरवाच. म्हणून रात्र फार गार गेली, तर कोवळं ऊन चांगलं म्हणून कुंडी पूर्वेच्या कठड्याशी सरकवू नये.

आपण वाऱ्याला दोष देतो. माझ्या मते खरा चोर निरभ्र आकाश. रात्री प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर फेकत असते. हवेत बाष्प आणि ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, आकाश स्वच्छ. त्यामुळे उघड्यावरचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतं. दव पडलेल्या सकाळी गच्चीवर चक्कर मारा. मोकळ्यावरच्या कुंडीतली पानं ओली आणि पत्र्याखालची कोरडी दिसतील. कुंड्यांची हिवाळ्यातली जागा त्या कोरड्या पट्ट्यात. पत्रा नसेल तर संध्याकाळी वरून गोणपाट किंवा जुनी चादर ताणावी, पानांना टेकू देऊ नये, सकाळी काढावी. पातळ पॉलिथिनमधून ही उष्णता बरीचशी आरपार जाते, त्यामुळे त्याच्यावर फार भिस्त नको.

मुळांची गत पानांहून वाईट. जमिनीत हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळपास जाणवत नाही. कुंडीला चारी बाजूंनी हवा लागते, माती रात्रीत गार पडते. गार मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माती ओली असूनही झाड मलूल दिसतं, आपण आणखी एक तांब्या ओततो आणि मुळं कुजतात. कुंडीत नुसती काळी माती असेल तर हे हमखास होतं, कारण ती ओल सोडतच नाही. बोट खुपसून दोन पेरं खाली कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही ऊन चढल्यावर. शक्यतो विहिरीचं किंवा बोअरचं द्यावं. भूजलाचं तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, म्हणून ते सकाळी कोमट लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेव्हा झोंबतं.

युरिया आणि छाटणी फेब्रुवारीपर्यंत बंद. दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि गारठ्यात आधी तीच मरते. काळी पडलेली टोकंसुद्धा तोवर राहू द्यावीत; तेवढाच खालच्या डोळ्यांना आडोसा.

बोगनवेल या यादीत धरू नका. कोरडी थंडी तिला मानवते, पाणी जरा ताणलं तर रंग आणखी खुलतो. देवचाफा आणि अडेनियम पानं टाकून मोकळे होतात. लोक त्यांना मेलेलं समजून उपटतात किंवा पाणी पाजत बसतात. खोड दाबून बघावं. टणक असेल तर झाड झोपलंय, कुंडी कोरडीच ठेवावी. बुडाशी मऊ लागलं तर कूज शिरली आहे. तेव्हा वरची निरोगी फांदी कापून, चीक सुकवून, फेब्रुवारीत नव्या मातीत लावता येते.