दडपलेल्या इंधनशोधांच्या दंतकथा (खानदेश)

पाण्यावर, झाडपाल्याच्या रसावर किंवा नावापुरत्या पेट्रोलवर मोटार चालवण्याचा शोध कुणीतरी लावला आणि तेल कंपन्यांनी तो विकत घेऊन दाबून टाकला किंवा शोधकाचाच काटा काढला, अशा आशयाच्या आधुनिक दंतकथांचा हा गट आहे. त्या जगभर सांगितल्या जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या खानदेशात त्या गॅरेजमध्ये, पंपावरच्या रांगेत आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनाशेजारी रंगतात. अहिराणीत त्यांचे सगळे सार एका वाक्यात मावते : ‘पानीवर गाडी चालस, पन कंपनीवाला चालू देतस नहीत.’

कथेचा साचा ठरलेला असतो. नायक कमी शिकलेला पण हाताचा कसबी : फिटर, वायरमन, नाहीतर आयटीआय झालेला शेतकऱ्याचा मुलगा. तो जुन्या मोटारसायकलला एक डबा जोडतो, डब्यात पाणी ओततो आणि गाडी सुरू होते. बघायला गाव लोटते. मग ‘मुंबईहून’ किंवा ‘दिल्लीहून’ माणसे येतात, कागदावर सही घेतात, आणि त्यानंतर ना तो मुलगा दिसतो ना ती गाडी. सांगणारा स्वतः तिथे कधीच नसतो. पाहिलेले असते त्याच्या मेहुण्याने, मावसभावाने किंवा एखाद्या ट्रकवरच्या क्लीनरने. गावही सांगणाऱ्यागणिक सरकते. चोपड्यात ते शिरपूरकडचे असते, शिरपुरात ते सीमेपलीकडे मध्य प्रदेशात जाते. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळला मुंबईहून येणारी रेल्वे नागपूर आणि इटारसीकडे फुटते. ट्रकवाले आणि रेल्वेवाले यांच्या तोंडून कुठलीही कथा इथे पोहोचायला वेळ लागत नाही.

विश्वास का बसतो

या कथा खऱ्या मानणाऱ्याला अडाणी म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. इंजिनाला वेगळे इंधन पाजून ते चालवणे इथल्या माणसाने प्रत्यक्ष पाहिले आहे. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे छोटे पंप शेतीत सर्रास होते. रेशनचे निळे रॉकेल रिक्षाच्या टाकीत जायचे आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघायचा. घरगुती गॅसच्या टाकीतून व्हॅनमध्ये चोरून गॅस भरणे बेकायदा आहे, त्यात स्फोट होऊन माणसे भाजली आहेत, तरी तो धंदा पुरता बंद झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग होते तेव्हा भारतात कोळशाची भट्टी बसवलेल्या बसगाड्या धावत. कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा वायू इंजिनात सोडला जाई. गाडी सुरू करायला वेळ लागे, चढावर ताकद कमी पडे, राख काढत बसावे लागे. पेट्रोल पुन्हा मिळू लागताच लोकांनी त्या भट्ट्या स्वतःहून काढून टाकल्या. त्या दडपायला कुणाला यावे लागले नाही.

त्यात दराचा राग भर घालतो. २०२१ मध्ये राज्यात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, आणि त्या रेषेपलीकडच्या पंपावर पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त मिळते. तेच तेल, तीच कंपनी, फरक फक्त राज्याच्या कराचा. पंपावरच्या दरात आपल्याला न दिसणारे बरेच काही मिसळलेले असते, हे नंदुरबारच्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. इथपर्यंत त्याचा संशय रास्तच आहे. पुढची उडी मात्र चुकते : इंधन बदलता येते, म्हणून इंधनाशिवायही भागेल, असे तो धरून चालतो.

पाण्याचा हिशेब

हायड्रोजन जळला की पाणी होते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. तिच्यातली जळण्याजोगी ऊर्जा आधीच निघून गेलेली असते. पाण्याचे पुन्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करता येतात, शाळेच्या प्रयोगशाळेत ते करूनही दाखवतात, पण त्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागते आणि ती परत मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमीच जास्त असते.

हा हिशेब विजेच्या बिलावरच्या युनिटमध्ये मांडला की लगेच पटतो. १ लिटर पाण्यात सुमारे १११ ग्रॅम हायड्रोजन असतो. तो सुटा करायला अगदी आदर्श परिस्थितीतही सुमारे ४.४ युनिट वीज लागते, प्रत्यक्ष यंत्रात सहाच्या आसपास. तो हायड्रोजन पेट्रोलसारखा इंजिनात जाळला, तर बराचसा भाग उष्णता म्हणून सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जातो आणि चाकापर्यंत एखादे युनिट पोहोचते. त्या एका युनिटातून गाडीही पळवायची आणि पुढच्या लिटरासाठी सहा युनिटही तयार करायची, हे कुठल्याही मिस्त्रीला जमणारे नाही. हुशारी कमी पडते असे नाही. बेरीज जुळत नाही.

बाजारात ‘एचएचओ किट’ किंवा ‘हायड्रोजन किट’ नावाने मिळणारे साधन जवळून पाहिले की हेच दिसते. प्लॅस्टिकच्या बरणीत स्टीलच्या काही पट्ट्या, बॅटरीपासून आलेल्या दोन वायरी, पाण्यात खाण्याचा सोडा किंवा कॉस्टिक, आणि बरणीच्या झाकणातून एअर फिल्टरकडे गेलेली नळी. पट्ट्यांवर बुडबुडे उठतात आणि गिऱ्हाईक ते पाहून हरखते. १२ व्होल्टवर १०–१५ अँपिअर म्हणजे जेमतेम दीडशे वॅट. सपाट रस्त्यावर ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्या मोटारीला त्याच्या कित्येक पट ताकद लागते, आणि हे दीडशे वॅटसुद्धा अल्टरनेटर म्हणजे गाडीतल्या जनित्रामार्फत त्याच इंजिनाकडून, म्हणजे पेट्रोलमधूनच आलेले असतात. तरीही किट बसवल्यावर ‘अ‍ॅव्हरेज वाढले’ असे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. किट बसवताना मिस्त्री प्लग साफ करतो, एअर फिल्टर बदलतो, टायरमध्ये हवा भरतो. आणि मालक पुढचे काही दिवस आकड्याकडे लक्ष ठेवून हलक्या पायाने गाडी चालवतो. वाढ त्यातून येते. हजारो रुपये जातात ते मात्र बरणीचे.

कार्बाइडची करामत

पाण्यावर इंजिन चालल्याची काही प्रात्यक्षिके डोळ्यांदेखत झालेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशांची किल्ली खानदेशाच्या ओळखीची आहे. कॅल्शियम कार्बाइडचे करडे खडे पाण्यात टाकले की फसफसून उग्र वासाचा अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. फळे पिकवण्यासाठी वापरले जाणारे कार्बाइड ते हेच. त्या वापरावर बंदी आहे, पण रावेर–यावलच्या केळीपट्ट्यात त्याचा वास न ओळखणारा माणूस विरळा. गॅस वेल्डिंगवाले याच वायूवर पत्रा कापत आले, आणि जत्रेतले जुने कार्बाइडचे दिवेही यावरच जळत. हा वायू इंजिनात सोडला तर इंजिन खरोखर चालते. पाहणाऱ्याला दिसते पाणी ओतताना. जळते मात्र कार्बाइडमधून आलेले इंधन. चुनखडी भाजून केलेला चुना आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा) विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सियसला तापवून कार्बाइड बनते, आणि सगळी ऊर्जा तिथे आधीच खर्ची पडलेली असते. शिवाय अ‍ॅसिटिलीन दाबाखाली सहज स्फोट पावतो. हा प्रयोग घरी कुणी करू नये.

अमेरिकेत १९१६ मध्ये लुई एनरिक्ट याने न्यूयॉर्कजवळ पत्रकारांसमोर पाण्यात हिरवे द्रव्य मिसळून मोटार चालवून दाखवली, तेव्हा जाणकारांना संशय आला तो याच जातीचा : पाण्यात अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटिलीन. पुढे दुसऱ्याच एका फसवणुकीत तो तुरुंगात गेला.

गाजलेली नावे

खानदेशात सांगितल्या जाणाऱ्या कथांना नावे क्वचित असतात, पण त्यांचे मूळ शोधत गेले की ठरावीक माणसे भेटतात. कॅनडाच्या चार्ल्स नेल्सन पोग याने १९३० च्या दशकात पेट्रोलची पूर्ण वाफ करणाऱ्या कार्बोरेटरची (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाची) पेटंटे घेतली. त्याच्या गाडीने गॅलनला २०० मैल दिले अशी आख्यायिका झाली, म्हणजे लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर. आजच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ पूर्ण जळते; वाया जाते ती उष्णता, आणि ती कार्बोरेटर बदलून परत मिळत नाही.

ओहायोचा स्टॅन्ली मायर हा या दंतकथांचा सर्वांत मोठा नायक. आपली बग्गी (छोटी उघडी मोटार) ८३ लिटर पाण्यात लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाईल, असे तो सांगे. त्याच्यावर पैसे लावणाऱ्या दोघांनी दावा लावला; १९९६ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांकडून त्याचे यंत्र तपासून घेतले, त्यात साध्या विद्युत-अपघटनापलीकडे, म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यापलीकडे, काही आढळले नाही, आणि फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश झाला. मार्च १९९८ मध्ये एका उपाहारगृहात जेवताना तो कोसळून मरण पावला. शवचिकित्सेत मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटल्याचे निघाले; लोकांनी मात्र विषप्रयोग धरला. डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याचेही असेच झाले. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना तो बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवले होते, यावरून ‘शेतकऱ्याचे इंधन आणले म्हणून त्याला मारले’ ही कथा निघाली. तेलघाण्या आणि ऑइल मिलच्या जळगावात ही कथा विशेष जिव्हाळ्याने ऐकली जाते. शेंगदाण्याच्या तेलावर डिझेल इंजिन चालते हे खरेच आहे. पण ते तेल डिझेलपेक्षा महाग पडते, आणि कच्चे तेल वापरत राहिल्यास इंजेक्टरवर काजळी धरते. त्याला अडवणारी गोष्ट एवढीच.

भारतातले मोठे प्रकरण रामर पिल्ले यांचे. तामिळनाडूच्या या तरुणाने १९९६ मध्ये वनस्पती पाण्यात उकळून पेट्रोल केल्याचा दावा केला आणि देशभर वर्तमानपत्रांत झळकला. शास्त्रज्ञांसमोरच्या प्रात्यक्षिकात ढवळायच्या पोकळ काठीत इंधन दडवून मेणाने तोंड बंद केल्याचे उघड झाले. तरी पुढे ‘हर्बल इंधन’ म्हणून टोल्यूइन, नॅफ्था यांसारख्या रसायनांचे मिश्रण विकले गेले. सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. निकालाची बातमी मूळ दाव्याइतकी पसरली नाही, त्यामुळे ‘त्या मद्रासी पोराला सरकारने गप्प केले’ ही आवृत्ती आजही ऐकू येते.

कंपन्यांची खरी पापे

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. १९२४ मध्ये युरोप-अमेरिकेतील बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाची टोळी बांधून बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले. जनरल मोटर्सने १९९६ ते १९९९ या काळात तयार केलेल्या ईव्ही-१ या विजेच्या मोटारी फक्त भाड्याने दिल्या, नंतर परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. सर्वांत गंभीर प्रकरण शिशाचे. इंजिनातली ठोकर (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबवायला अल्कोहोल उपयोगी पडते, हे १९२० च्या दशकात माहीत होते. पण अल्कोहोलवर पेटंट मिळण्यासारखे नव्हते, शिशाच्या संयुगावर होते. कंपन्यांनी शिसे निवडले. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात कामगार त्याने वेडे होऊन मेले, तरी ते पेट्रोल जगभर विकले गेले. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र लागू व्हायला २००० साल उजाडले. इतक्या वर्षांत किती मुलांच्या रक्तात ते गेले असेल, याचा विचारही अस्वस्थ करतो. दडपशाहीची कथा सांगायचीच असेल तर ती ही आहे. पुराव्यासकट आहे, आणि तिच्यात कुठलाही जादूचा डबा नाही.

पेटंट ‘विकत घेऊन लपवणे’ हा कथेतला सर्वांत दुबळा दुवा. पेटंट घ्यायचे तर शोधाची कृती जाहीर करावी लागते. २० वर्षांनी हक्क संपतो आणि ती कृती सर्वांची होते. पोग आणि मायर यांची पेटंटे केव्हाच मुदतबाह्य झाली आहेत, आराखडे कुणालाही वाचता येतात, आणि त्यांवरून चालणारी गाडी आजवर कुणी उभी केलेली नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(क) तर निसर्गनियमांना उघडपणे छेद देणारा दावा पेटंटयोग्यच मानत नाही.

अलीकडची भर

मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन मोटारीतून संसदेत गेले. त्या गाडीच्या टाकीत ७०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाखाली हायड्रोजन असतो आणि मागून पाणी टपकते. गावागावात बातमी पोहोचेपर्यंत पाणी मागून पुढे आले आणि ‘मंत्र्याची गाडी पाण्यावर चालते’ असे झाले.

खरा पर्यायी इंधनाचा प्रयोग खानदेशाच्या वेशीवरच झाला. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याच्या प्राथमिक चाचणीसाठी देशातली जी मोजकी ठिकाणे निवडली, त्यांत मिरजेबरोबर मनमाड होते. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस आणि मका ही त्याची कच्ची सामग्री, म्हणजे शहाद्याचा ऊसकरी आणि धुळ्याचा मकेवाला दोघेही आता इंधनाच्या बाजाराशी जोडले गेले आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी उष्णता असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटते. तसेच ते पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत ओल गेली आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे साचली, की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. पंपावर भांडण पेटते आणि नवी तक्रार गावभर होते : पंपवाला पेट्रोलात पाणी मिसळतो. कधी ती खरीही असते. म्हणून बाटलीत नमुना घेऊन तो स्थिर ठेवावा आणि तळाशी वेगळा थर दिसला, तर त्याच नमुन्यासह लेखी तक्रार करावी.