लोखंडी पूल, छावणी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहर आणि त्याच्या पश्चिमेची लष्करी छावणी यांच्यामधून खाम नदी वाहते. तिच्यावरचा रस्त्याचा जुना पूल ‘लोखंडी पूल’ म्हणूनच ओळखला जातो. निजामाच्या काळात या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचे, सैन्य असे. १८५७ मध्ये त्यातल्या घोडदळात उठावही झाला होता.

खामवर त्याआधीचे पूल दगडी होते. महमूद दरवाजा, मकाई दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा या तिन्ही दरवाजांना लागून ते आजही दिसतात. दगडी कमान दाब सोसते, ताण मात्र सोसत नाही. त्यामुळे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले पुलाचे भाग, आखूड आणि खांब जाडजूड ठेवावे लागतात, आणि पुराच्या पाण्याची वाट तेवढी अरुंद होते. घडीव लोखंड नि पोलाद दोन्ही सोसतात, म्हणून लांब गाळे टाकता आले. नदीच्या दृष्टीने पाहिले तर खरा फरक हाच.

जुन्या लोखंडी पुलांचे सांधे रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड लोखंडी खिळ्यांचे, असत. रिव्हेट भट्टीत लालबुंद तापवायचा, पत्र्यांच्या जुळवलेल्या भोकांतून घालायचा, एका बाजूने टेकू धरायचा आणि दुसऱ्या बाजूने घणाने ठोकून टोपी वळवायची. थंड होताना तो आकसतो आणि पत्रे एकमेकांवर घट्ट आवळतो. उन्हात पूल लांबतो, हेही आखणीत धरावे लागते: तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ३० मीटरचा लोखंडी गाळा सुमारे १४ मिलिमीटरने वाढतो. म्हणून त्याचे एक टोक सरकते ठेवतात.

अशा पुलाचा शत्रू गंज, आणि तो उघड्या पृष्ठभागापेक्षा दोन पत्र्यांच्या फटीत जास्त मुरतो. वरून रंग चकचकीत दिसला तरी आतले लोखंड झिजलेले असू शकते. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जण दगावले. जुन्या पुलांच्या संरचनात्मक तपासणीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहणे म्हणूनच अक्षम्य आहे. ऐतिहासिक म्हणून पूल जपायचा तर त्याच्या क्षमतेबाहेरची जड वाहने वळवावी लागतात, सैल रिव्हेट हातोडीने ठोकून आवाजावरून ओळखावे लागतात, आणि सरकत्या टोकाशी साचलेली माती पावसाळ्याआधी काढावी लागते. ती ओल धरून ठेवते आणि टोकही जाम करते.