पडदे रंगवणाऱ्यांच्या गावात

बारावीनंतर ‘एक्सपेरिमेंटल आर्ट’ करायचं म्हटलं की कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं काय करणार?’ चित्रं काढणार म्हटलं तर कळतं. पण व्हिडिओ, भंगार, कापड, आवाज हे विद्यापीठात शिकायचं, हे पचत नाही. वास्तविक हे सगळ्यात आधी कळायला हवं ते आपल्यालाच.

आपल्या कोल्हापूरचेच आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवत. पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. रंगाची भुकटी सरसात कालवायची, भलंमोठं कापड ताणायचं आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही महाल खरा वाटेल असं रंगवायचं, असं ते काम. सिनेमा पाहिल्यावर दोघं कॅमेराच बनवायला बसले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी तो १९१८ मध्ये पुरा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा १९२० चा. पुढे रंगवलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी भरीव सेट उभे केले, ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, पोस्टरंही स्वतः रंगवली. अनेक माध्यमं एकत्र वापरण्याला आज ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं? आणि बाबूराव कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये गेलेले नव्हते.

त्याच सुमारास, १९१९ मध्ये, जर्मनीत बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली. तिथं कार्यशाळा हाच वर्ग होता. शांतिनिकेतनचं कलाभवनही त्याच वर्षीचं. मुंबईचं जे. जे. कला विद्यालय मात्र १८५७ चं, ब्रिटिश वळणाचं. आपले चित्रकार आबालाल रहिमान तिथंच शिकले, पण परतल्यावर कोटीतीर्थाच्या काठावरचा उजेड त्यांनी स्वतःच्या नजरेनं रंगवला. ते ब्रिटिश वळण आपल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत अजून आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. दळवीज, कलानिकेतन या इथल्या कलासंस्थांमधून निघालेल्या पिढ्यांचा हात पक्का झाला तो याच शिस्तीत, आणि ते मोल थोडं नाही.

प्रयोगाला विद्यापीठाच्या पदवीत जागा मिळाली ती प्रामुख्यानं बडोद्याला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० ची. चित्र, शिल्प, कलेतिहास एकाच आवारात. चित्रकार विवान सुंदरम तिथलेच विद्यार्थी. मुंबईच्या दंगलीनंतर, १९९३ मध्ये त्यांनी ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प उभं केलं: वर्तमानपत्रातला एका मृतदेहाचा फोटो, खिळे, पत्र्याच्या ट्रंका. एवढ्या साहित्यातून.

अशा अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या मुलाखतीला आपली पोरं अजून तांब्या आणि चुण्या पडलेल्या कापडाची घोटून काढलेली चित्रं नेतात. समोरचे ती बाजूला ठेवून विचारतात, ‘कच्ची वही आणलीय का?’