गावचा पैसा मंत्रालयात अडकलेला नसतो

लालबागच्या खोलीत आमच्या गावमंडळाची बैठक भरली की कुणीतरी म्हणतंच, "आमदाराचं पत्र मंत्रालयात फिरलं, तरच गावाला निधी." चाकरमान्यांच्या दोन पिढ्या हेच धरून बसल्यात. हे खरं नाही.

घोळ आमदार निधीमुळे झाला. तिथे आमदारांची शिफारस लागते, पण पैसा जिल्हा पातळीवरून सुटतो. केंद्राच्या वित्त आयोगाकडून गावाला मिळणाऱ्या निधीला मात्र कुणाचंच पत्र लागत नाही. १५व्या आयोगाच्या निधीतला (२०२५-२६पर्यंतचा) ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा होता, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा. २०२१-२२पासून त्यातले ६० टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेले होते. त्या राखलेल्या पैशातून सभामंडप होत नव्हता, कितीही खेटे घातले तरी.

खर्च ठरतो तो गावच्या विकास आराखड्यात, आणि आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. मागच्या बैठकीत मी मोबाइलवर ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ उघडून आमच्या गावचा आराखडा दाखवला. पाखाडीच्या गटाराचं काम तिथे नव्हतंच, कारण ग्रामसभेत ते कुणी मांडलंच नव्हतं. मंडळाने मंत्रालयात मात्र तीन निवेदनं दिली होती! यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आमच्यातले चौघे गावी जाताहेत, गटाराचा ठराव घेऊन.