घोरपड आणि फुलपाखरू: एका अनुसूचीतले दोन जीव

सोलापूरच्या माळांवर घोरपड आणि डॅनाइड एगफ्लाय हे फुलपाखरू, दोन्ही आढळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पुढे दोघांनाही जागा मिळाली, थेट वाघाच्या पंक्तीला. संकटं मात्र दोघांची निराळी.

घोरपडीला माणूस मारतो. मांसासाठी, कातड्यासाठी, दक्षिणेकडचा कंजिरा, म्हणजे डफासारखं छोटं वाद्य, पिढ्यान् पिढ्या तिच्याच कातड्याने मढवला गेला. १९७६ मध्ये भारत वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. या करारानुसार घोरपडीचा जागतिक व्यापार बंद आहे, तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. जादूटोण्याच्या बाजारात ‘हत्ताजोडी’ ही मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये उघड झालं. उंदीर आणि किडे खाऊन शेतकऱ्याचं काम हलकं करणारा, वारुळात अंडी घालणारा हा जीव अशा थोतांडापायी मारला जावा, याची चीड येते. पण इथे कायद्याला हाताशी काहीतरी लागतं: पकडलेला माल, पकडलेला माणूस. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे.

एगफ्लायला कुणी पकडत नाही. नर काळा, पंखांवर जांभळट कडेचे मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र नारिंगी, रुईवर वाढणाऱ्या कडवट प्लेन टायगर फुलपाखराची हुबेहूब नक्कल. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. आफ्रिकेपासून आशियापर्यंत ते पसरलेलं आहे, त्यामुळे जगाच्या हिशेबात दुर्मीळ नाही. पण त्याच्या अळ्यांना लागते घोळ, तीच आपण भाजी करतो ती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी आलं आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. उसातलं तण मारायला अ‍ॅट्राझिन, टू-फोर-डी फवारतात, बांधावरही तणनाशक मारतात. घोळ तिथेच जळते. फुलपाखराला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून गुन्हाही होत नाही.

१९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं, तेव्हा निदान गवताळ माळाला किंमत आहे हे मान्य झालं. महसुली दप्तरात मात्र असे कितीतरी माळ अजून ‘पडीक’च आहेत.