डी२ की १४सी२८एन? मुंबईत घडीचा चाकू घेण्याआधी

माझ्याकडे आणि माझ्या मामेभावाकडे एकाच मॉडेलचे दोन चाकू आहेत. शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा, हे पात्यावर कोरलेली बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही. तेच साडेतीन इंची पातं, तीच काळी मूठ, पात्यावर तोच राखाडी खरबरीत पोत, आणि किमतीतही फारसा फरक नाही. माझ्या पात्यावर लिहिलंय ‘डी२’, त्याच्या पात्यावर ‘१४सी२८एन’. ही पोलादाच्या दोन जातींची नावं.

पावसाळ्यात दोघं राजमाचीला जाऊन आलो. चाकूचं काम एवढंच झालं, की चार लिंबं कापली, दोरीचा एक तुकडा तोडला आणि पातं पँटला पुसून मिटलं. घरी आल्यावर दोन्ही चाकू ओल्या सॅकमध्ये तीन दिवस तसेच पडून होते. चौथ्या दिवशी माझा उघडला तर पात्यावर रव्याच्या कणांएवढे नारिंगी ठिपके. सगळ्यात जास्त ठिपके पातं मुठीत शिरतं त्या भागात, जिथे बोट पोचत नाही आणि फडकंही पोचत नाही. नखानं खरवडले तर ठिपका गेला, पण खाली सुईनं टोचल्यासारखा खळगा राहिला. भावाचा चाकू जसाच्या तसा होता.

दुकानात मला सांगितलं होतं की यात १२ टक्के क्रोमियम आहे, गंजाची काळजी नको. भावाच्या पात्यात १४ टक्के. दोन टक्क्यांनी एवढा फरक पडतो का? नाही पडत. खरा फरक क्रोमियमच्या आकड्यात नाहीच, आणि घडीचा चाकू घेणारे बहुतेकजण इथेच फसतात.

पोलाद गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घालतात. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. तो थर ओरखडला तरी आपोआप पुन्हा भरून येतो. मात्र त्यासाठी पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या पुढे क्रोमियम मोकळं विरघळलेलं असावं लागतं. मोकळं हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण कार्बन आणि क्रोमियमचं एकमेकांशी फार जमतं. पोलादात कार्बन भरपूर असला की तो क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड नावाचे कठीण दाणे बनवतो. त्या दाण्यांत अडकलेलं क्रोमियम गंजाशी लढायला उरत नाही.

नोकरदार माणसाला हे पटकन कळेल. पेटीवर छापलेला क्रोमियमचा टक्का म्हणजे सीटीसी, कागदावरचा पगार. गंजाशी लढतं ते इन-हँड, कापून हातात उरलेलं. डी२मध्ये क्रोमियम ११ ते १३ टक्के असतं, पण कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे चाकूच्या मानानं प्रचंड. त्यामुळे कापाकापी होऊन मोकळं क्रोमियम साधारण निम्मंच हातात येतं. १४सी२८एनमध्ये क्रोमियम १४ टक्के आणि कार्बन फक्त ०.६२ टक्के, त्यामुळे क्रोमियमचा मोठा वाटा मोकळाच राहतो.

याचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातला आहे. १९१३ साली तिथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी पोलादावर प्रयोग करत होते. त्यांनी ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन फक्त ०.२४ टक्के होता. त्या पोलादाला आम्ल लागेना, आणि त्यातूनच सुऱ्या-काट्यांचं स्टेनलेस जन्माला आलं. आता आकडे शेजारी ठेवून पाहा. ब्रिअर्लींच्या पोलादात क्रोमियम १२.८ आणि डी२मध्ये सुमारे १२, म्हणजे जवळजवळ तेवढंच. एक स्टेनलेस ठरलं, दुसऱ्यावर लिंबाच्या रसानं ठिपके पडले. फरक कार्बनचा.

तरीही डी२ वाईट आहे असं कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. मी भिवंडीच्या गोदामात माल तपासतो. दिवसाला पन्नास-साठ खोके फोडायचे, पट्ट्या कापायच्या, प्लास्टिकची गुंडाळी चिरायची. पुठ्ठा दिसतो मऊ, पण धार खाण्यात तो सगळ्यात वाईट. कागदाच्या लगद्यात खनिजाची बारीक कचकच असते आणि ती प्रत्येक कापाला पातं घासत जाते. इथे डी२ला तोड नाही. त्यातले क्रोमियम कार्बाइडचे दाणे वाळूच्या कणांपेक्षाही कठीण असतात, त्यामुळे कचकच त्यांना सहजी झिजवू शकत नाही. डी२ मुळात चाकूसाठी बनलेलंच नाही. ते डायचं पोलाद आहे. पत्र्यातून वॉशर किंवा चकत्या छापून काढणाऱ्या प्रेसच्या डाय-पंचांना हजारो ठोके सोसावे लागतात, त्यासाठी ते बनलं. वसईत किंवा वागळे इस्टेटमध्ये डाय बनवणाऱ्याला विचारा, तो ‘हाय कार्बन हाय क्रोम’ म्हणून लगेच ओळखेल. जपानी मालावर ‘एसकेडी११’ आणि जर्मन मालावर ‘१.२३७९’ असं लिहिलेलं दिसलं तरी ते डी२च्याच घरातलं समजा.

१४सी२८एनचं कूळ अगदी वेगळं. ते स्वीडनमधल्या सँडविकनं काढलं. २०२२ साली त्यांचा हा पोलादाचा विभाग वेगळा झाला आणि आता तो अलेइमा या नावानं चालतो. दाढीच्या ब्लेडसाठी त्यांचं १३सी२६ नावाचं पोलाद होतं, त्यातच सुधारणा करून हे बनवलं. ब्लेडच्या पोलादात दाणा अतिशय बारीक लागतो, नाहीतर इतकी पातळ धार टिकणारच नाही. तो बारीकपणा यात उतरला आहे. नावातला शेवटचा ‘एन’ म्हणजे नायट्रोजन, फक्त ०.११ टक्के. पण पोलाद कठीण करण्याचं कार्बनचं थोडं काम तो उचलतो, आणि क्रोमियमला कार्बनइतका गुंतवून ठेवत नाही. म्हणून कार्बन बेताचा ठेवूनही पातं कठीण होतं आणि क्रोमियम मोकळं राहतं. मला हा हिशेब फार आवडतो.

आणखी एका आकड्याबाबत गल्लत होते, तो म्हणजे रॉकवेल, कठीणतेचं माप. दोन्ही पोलादांच्या चाकूंवर बहुधा ५८ ते ६१ च्या दरम्यानचा आकडा दिलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, कठीणता सारखी म्हणजे धारही सारखीच टिकेल. तसं नाही. रॉकवेल सांगतो की पातं दाबाखाली किती दबतं. घासून किती झिजतं ते मुख्यतः कार्बाइडच्या दाण्यांवर ठरतं. कठीणता तीच असूनही पुठ्ठ्यावर डी२ जास्त चालतं, ते याच कारणानं.

पण त्या दाण्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. डी२मधले दाणे मोठे आणि ओबडधोबड असतात, आणि धारेची कड फारच पातळ. कड एखाद्या टणक वस्तूवर आदळली की दाणा उखडतो आणि धारेत दातरा पडतो. एका खोक्याच्या स्टेपल पिनवर माझ्या पात्याचा असाच तुकडा उडाला. उजेडासमोर धरलं की धारेत कोंड्याएवढी चमक दिसायची, आणि प्लास्टिक कापताना बरोबर तिथेच पातं अडकायचं. भावाच्या पात्याची धार अशा वेळी तुटत नाही, थोडी वळते. वळलेली धार चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा ओढली की पुन्हा उभी राहते. तुटलेली धार मात्र पातं घासूनच काढावी लागते.

घासणं म्हटलं की मुंबईकराला आठवतो तो सायकलवरचा धारवाला. आईची विळी तो दोन मिनिटांत कागद कापेल अशी करून देतो, त्याच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. पण घडीचा चाकू त्याला देऊ नका, मग तो डी२ असो वा १४सी२८एन. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. ठिणग्यांबरोबर पात्याच्या कडेला निळसर झाक आली की समजा, तिथलं पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेली कठीणता, उतरलं. ती कड पुन्हा कितीही घासली तरी टिकत नाही. घरीच दगडावर, पाणी शिंपडत धार लावा. १४सी२८एनला नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा दोन बाजूंचा दगड पुरतो, पंधरा मिनिटांत काम होतं. डी२ त्याच दगडावर घासायला बसलात तर हात भरून येतील, कारण त्यातले दाणे साध्या दगडाला दाद देत नाहीत. त्याला डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. चाकूच्या किमतीत ती धरायला हवी, आणि हे विकणारा सहसा सांगत नाही.

विळीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जुनी लोखंडी विळी कैरी चिरल्यावर काळी पडते, तरी पिढ्यान् पिढ्या चालते. मग डी२नंच काय घोडं मारलंय, असा प्रश्न येईल. विळी काम झालं की धुऊन, पुसून, उघडी भिंतीला टेकते. फणस कापायचा असेल तर तिला आधी तेलाचा हात लागतो. तिचं पातं सगळीकडे सारखंच काळवंडतं आणि तो काळा थर थोडंफार संरक्षणच देतो. घडीच्या चाकूचं उलटं आहे. तो वापरून झाला की मिटतो. ओल, लिंबाचा रस, हाताचा घाम हे सगळं मुठीत, स्क्रू आणि वॉशरच्या फटीत बंद होऊन बसतं. आणि डी२ विळीसारखं सगळीकडे सारखं काळवंडत नाही, त्याला ठिकठिकाणी टोचे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत ८० टक्क्यांवर आर्द्रता, त्यात समुद्राचं मीठ. मिठातलं क्लोराइड तर स्टेनलेसचा थरही फोडतं. म्हणजे १४सी२८एन अगदीच अमर नाही. वरळीला किंवा माहीमला समुद्रासमोर राहत असाल, किंवा मासळी कापणार असाल, तर तेही धुऊन पुसायलाच हवं. फरक एवढाच की ते एखाद-दुसरा विसर माफ करतं, डी२ करत नाही.

खरेदी करताना पात्यावर पोलादाचं नाव कोरलेलं आहे का ते बघा. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ किंवा ‘जपानी पोलाद’ लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. फारच स्वस्तात ‘डी२’ मिळत असेल तर शंका घ्या, कारण नाव कोरायला काही खर्च येत नाही. आणि पोलाद अस्सल असलं तरी त्याला पाणी नीट दिलेलं नसेल तर दोन्ही सारखीच निकामी, म्हणून अनोळखी कंपनीच्या डी२पेक्षा खात्रीच्या कंपनीचं साधं पोलाद मी केव्हाही घेईन. स्विस आर्मी चाकूचं पातं पाहा, रॉकवेल ५६ च्या आसपास, या दोन्हींपेक्षा मऊ. धार लवकर जाते, पण कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर ओढली तरी परत येते, आणि लोक ते वर्षानुवर्षं वापरतात.

मुंबईत खिशात किंवा पर्समध्ये चाकू बाळगून कधी फळ, कधी पार्सल, कधी दोरी कापणाऱ्या माणसाला मी १४सी२८एनच घ्यायला सांगेन. लोकलच्या गर्दीत घामानं भिजलेल्या खिशात तासभर राहूनही त्याला काही होत नाही, टोमॅटो आणि पिकल्या आंब्यावर त्याची बारीक धार जास्त सुरेख चालते, आणि धार लावायला वेगळं सामान लागत नाही. दिवसभर पुठ्ठा, दोरखंड, कार्पेट, रबर कापणाऱ्यानं डी२ घ्यावं. पण त्यानं रोज संध्याकाळी पातं पुसून त्यावर तेलाचा एक थेंब फिरवायला हवा. अन्न कापत असाल तर पात्याला खोबरेल पुरतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल टाका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाकू खोलून वॉशरखाली बघा, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते. विमानानं जाणार असाल तर दोन्हींपैकी कुठलाही चाकू चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत तो चालत नाही.

माझा डी२ मी विकला नाही. ठिपके बारीक पॉलिश पेपरनं काढले, दातरा डायमंड प्लेटवर दोन रविवार घासून काढला, आणि आता तो गोदामातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तेल लावलेल्या फडक्यात असतो. तिथे तो खोके फोडतो, आणि दहा-बारा दिवस धारेकडे बघावं लागत नाही. सॅकसाठी मी भावाच्या चाकूसारखाच दुसरा घेतला. परवा हरिश्चंद्रगडावरून आल्यावर तो आठवडाभर सॅकच्या कप्प्यात विसरलो होतो. काढला तेव्हा पात्यावर लिंबाच्या रसाचा वाळलेला डाग होता. नळाखाली धरला, डाग गेला, खाली पातं लख्ख.